आत-बाशीचं लोणी

वीज गेली म्हणून त्या दिवशी अनारकान दुपारीच घरी आली. कपड्यांच्या कारखान्यात ती कापड बेतून कापायची. विजेची सुरी अर्ध्या बाहीत अडकून बसली, तेव्हा मालकिणीने वैतागून सगळ्यांना सुट्टी देऊन टाकली. बिश्केकवर कोळशाचा धूर बसला होता, जिन्यात कुणाच्या तरी घरच्या उकडलेल्या कोबीचा वास होता, सगळं रोजचंच. तिने बूट काढले, पाव ओट्यावर ठेवला आणि लहान खोलीत सहज डोकावून पाहिलं. तिलेक भिंतीकडे तोंड करून निजला होता. त्यात नवल नव्हतं, गेले कित्येक आठवडे तो तसाच पडून असे. पण तो झोपलेला नव्हता. भिंतीवरच्या जुन्या गालिच्यात एक हरीण विणलेलं आहे. तिलेकचं नख त्या हरणाच्या शिंगावरून फिरत होतं. मुळापासून वर जायचं, फाटा फुटतो तिथे जरा थांबायचं, मग पुन्हा खाली यायचं. पुन्हा वर. अनारकानने दाराची चौकट धरली. हे नख तिच्या ओळखीचं होतं. तिची आई बुरुल माहेरी, तोकमोकच्या घरात अशीच निजायची, अशाच एका गालिच्यासमोर, आणि तिचं नख असंच चालायचं, फाट्याशी थांबून मागे फिरायचं. तिलेकने या आजीला कधी पाहिलेलंसुद्धा नाही. तो जन्मायच्या आधीच ती गेली. मग याला हे शिकवलं कुणी?

ती स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसली, अंगातला कोट न काढताच. नाक आईवर जातं, टक्कल मामावर जातं, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. तिलेकची हनुवटी अगदी बुरुलची आहे, हेही तिने कधीच हेरलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. पण नखाची चाल? तीही रक्तातून येते? आणि ती येते, तर तिच्यामागून काय काय येतं? इतकी वर्षं ती स्वतःकडे डोळा ठेवून होती. सकाळी उठताना अंग जरा जड वाटलं, की तिला वाटायचं, आलं. मग चहा व्हायचा, कामाची वेळ व्हायची आणि ते आलेलं नसायचं. आपल्याला चुकवून गेलं, असं तिने अलीकडे धरून टाकलं होतं. चुकवून ते कुठे गेलं असेल, हा विचार तिने केला नव्हता.

तिलेक तिच्या पोटचा मुलगा, पण तो तिला वहिनी म्हणतो आणि बापाला दादा. पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही डोंगराकडची रीत. आजीलाच तो आई म्हणणार, मग आई ही थोरल्या भावाची बायको होते, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. तिलेक झाला त्या हिवाळ्यात तिचा नवरा मेलिस रशियात घरं बांधायच्या कामावर गेला होता. पोर अजून अंगावर पीत होतं. आणि वर डोंगरातल्या आत-बाशी गावाहून सासू आली, बूबूकान आपा. आपा म्हणजे आई, पण सारं गाव तिला आपाच म्हणायचं, आणि सारं गाव तिला टरकून असायचं. ती काही दिवस राहिली, फार बोलली नाही, आणि एका सकाळी तिने पोराला नमद्यात, लोकरीच्या जाड रगात गुंडाळलं. "पहिलं नातवंड आमचं. रीत आहे," एवढंच म्हणाली. अनारकानला ओरडायचं होतं, बसच्या आडवं पडायचं होतं. पण सून कुठे तोंड उघडते? ती मूग गिळून बसली. मग पान्हा फुटत राहिला आणि तो ती मोरीत पिळून टाकत राहिली. तो हिवाळा तिला नीटसा आठवत नाही. काचेवर बर्फ धरावा आणि पलीकडचं दिसू नये, तसे ते महिने आहेत. ताप होता बहुतेक. एकच गोष्ट लख्ख आठवते, कारण त्या गोष्टीने तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. दर आठवड्याला आत-बाशीच्या बसवाल्याबरोबर आपा लोणी पाठवायची, मेंढीच्या जठराच्या पिशवीत भरलेलं. बसवाला ते शेजारणीच्या हाती देत नसे, घरी आणून टाकत नसे. "म्हातारीने बजावलंय, सुनेच्याच हातात द्यायचं," म्हणायचा. म्हणजे उठा, केस विंचरा, बूट घाला आणि घसरड्या रस्त्याने स्टँडवर जा. माझं पोर नेलं आणि मला लोणी पाठवते! पोराच्या बदल्यात लोणी! ते लोणी तिने रडत रडत पावाला लावून खाल्लं होतं, आणि ते गोड लागत होतं याचाही तिला राग आला होता.

पुढे पाळणा हलला नाही. दर उन्हाळ्यात ती आत-बाशीला जायची. पोर घोड्यावरून दौडत यायचं, खाली उडी मारून म्हणायचं, "वहिनी, काय आणलंस?" आपा चुलीपाशी बसून बघत असायची, हसायची नाही. अनारकानने तो राग मनात जपून ठेवला, बायका लग्नातला शालू जपतात तसा. पण रागाशेजारी हळूहळू एक समाधानही येऊन बसलं. बरं झालं, असं ती स्वतःशी म्हणू लागली. उंचावरची हवा, घोड्याचं दूध, आपासारखी खमकी बाई. माझ्या हाताला लागला नाही, तर माझ्या माहेरचं त्याला काही लागणार नाही. जणू ते रक्तातून येत नसून हाताला लागलेल्या पिठासारखं अंगाला लागतं!

माहेरचं म्हणजे दोघांचं. आई बुरुल आणि मामा सागीन. पाठोपाठची भावंडं, दोघांची बोटं लांबसडक, दोघं हसू लागली की थांबत नसत. सामुदायिक शेती मोडली त्या वर्षी दोघांवरही आभाळ कोसळलं. बुरुलची साखर कारखान्यातली नोकरी गेली आणि नवरा दुसरीकडे नांदायला गेला. सागीन मेंढपाळ होता. कळप वाटले गेले, पिठाच्या पोत्यांवर विकले गेले, बायको माहेरी निघून गेली, आणि तो हिवाळाभर डोंगरावरच्या रिकाम्या मेंढवाड्यात एकटा राहिला, मेंढ्यांच्या वासात, मेंढ्यांवाचून. बर्फ वितळल्यावर तो नदीत सापडला. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं, की लहानग्या अनारकानलाही कळलं, तो घसरला नव्हता.

बुरुलने मात्र गालिच्याकडे तोंड केलं आणि तीही गेली असती. पण भिंतीपलीकडे फ्रिदा मावशी होती, तिथल्या जर्मन वस्तीतली, जाडजूड, दूध काढून काढून हात लाल झालेली. ती रोज सकाळी बटाट्यांचं घमेलं घेऊन यायची, बुरुलच्या पलंगाशी स्टूल ओढायची आणि स्वतःच्या घरचे बटाटे सोलत बसायची. उठ म्हणायची नाही, पोरीकडे बघ म्हणायची नाही. गाय आटलीय, थंडी पडलीय, आज मुलाने बूट हरवला, असलं काहीबाही मोडक्या किरगीझमध्ये बोलायची, आणि बटाटे संपले की जायची. अनारकान शाळेतून येऊन दाराआडून बघायची. वेडी आहे का ही बाई, असं तिला वाटायचं. आणि मग एके दिवशी भिंतीकडून आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा. "फ्रिदा, सुरी आण इकडे. किती तो जीव घेतेस बटाट्याचा." पुढे सगळे जर्मन जर्मनीला गेले, फ्रिदाही गेली. जाताना तिने घमेलं अनारकानच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "आता तू सोलायचे. आईपाशी बसून." पोर काय करणार? मैत्रिणी अंगणात खेळत असायच्या आणि ही रागारागाने जाड साली काढत बसायची. बुरुल उठायची, पडायची, पुन्हा उठायची. शेवटी गेली ती साध्या छातीच्या दुखण्याने, वसंतात, दारातल्या उन्हात. आणि लग्न झाल्यापासून अनारकान बटाटे उभ्याने सोलते, ओट्याशी, पाण्याचा नळ सोडून. बसून कधीच नाही.

लग्नाच्या वेळी यातलं काही निघालंच नाही. मेलिसच्या लोकांनी विचारलं ते सात बापांचं, बापाकडच्या सात पिढ्यांच्या नावांचं. ते तिच्या चुलत्याने घडाघडा सांगितलं, सगळे खूश झाले, मेंढी कापली. सात पिढ्यांच्या त्या साखळीत बाईचं नावच नसतं, तर बाईचं दुखणं कुठून असणार? तिने खोटं सांगितलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात ती दवाखान्यात गेली, "शेजारणीचा मुलगा" म्हणून चौकशी करायला, तेव्हा मात्र खोटं सांगितलं. डॉक्टरीण वयाने लहान होती, शांतपणे ऐकून घेत होती. म्हणाली, "काहींच्या रक्तात याचा कल असतो. नुसत्या कलाने कुणी आजारी पडतोच असं नाही, आणि नुसत्या आघातानेही नाही. दोन्ही एका ठिकाणी आले की जपावं लागतं. अलीकडे त्याच्यावर काही मोठा आघात झालाय का?" "त्याला वाढवणारी आजी गेली," अनारकान म्हणाली. गाभण घोडी शोधायला तिलेक वर गेला होता, परत आला तर चुलीपाशी आपा पडलेली, चहाची किटली अजून उकळत होती. ती किटली उतरवून मगच त्याने माणसं बोलावली. मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण झाल्यावर मेलिस त्याला शहरात घेऊन आला, तंत्रशाळेत नाव घातलं. पहिले काही दिवस तो गेला. मग जायचा बंद झाला, मग जेवायचा, मग बोलायचा. डॉक्टरीण म्हणाली, "त्याला घेऊन या, लवकर. यावर औषधं आहेत, आणि ती लागू पडतात. पण एक सांगा, त्याच्या घरात याआधी असं कुणाला झालं होतं? आईकडे?" आणि अनारकानने कानावर हात ठेवले. "छे. सात पिढ्यांत कुणी नाही."

संध्याकाळी मेलिस आला. तो शहरातल्या शहरात प्रवासी गाडी चालवतो, दिवसभर लोकांच्या शिव्या खातो आणि घरी आल्यावर तोच आवाज लावतो. खरं तर आई गेल्यापासून त्याचाही घास घशाखाली नीट उतरत नव्हता, पण ते त्याचं त्यालाच कळत नव्हतं. तो लहान खोलीच्या दारात उभा राहिला.

"काय रे धाकट्या, भिंतीला टेकू देतोयस का? पडायची नाही ती, रशियनांनी बांधलीय."

मेलिस चौकटीला टेकला.

"आपा असती तर पायताणाने उठवलं असतं तुला. अरे, सात बापांत कुणी असा दिवसाढवळ्या लोळत पडलाय का? सांग बरं सात बाप! विसरला असशील."

भिंतीकडूनच तिलेकने सांगितले, सपाट आवाजात, शाळेत हजेरी घेतात तसे. "मेलिस. असानबेक. जुनुश. बोरुबाय. ताबाल्दी. एशिम. कुलान." मग जरा थांबून म्हणाला, "यातला एकही असा नव्हता, दादा. ठाऊक आहे मला. मीच तेवढा नासका निघालो. आपाचं तरी बरं झालं, हे बघायला नाही ती."

मेलिस दारातून मागे सरला. तो चेष्टा करायला गेला होता. तो स्वयंपाकघरात आला, हात धुतले, धुतलेलेच पुन्हा धुतले. अनारकानला एक गोष्ट स्वच्छ दिसली. सागीन मामालाही असंच वाटलं असणार. वरच्या रिकाम्या वाड्यात बसून त्यानेही बाप मोजले असणार, सगळे धडधाकट, आणि शेवटी आपण. बहीण खाली तोकमोकला अशीच पडली आहे, हे त्याला कुणी कळवलंच नव्हतं. घरातली गोष्ट बाहेर कशाला, म्हणून.

सकाळी मेलिस बूट घालत होता तेव्हा तिने सांगून टाकलं. आधी आईचं, मग मामाचं, नदीचं. नाडी हातात धरून तो ऐकत राहिला.

"हे लग्नाआधी सांगायचं नाहीस?"

"तुम्ही लोकांनी सात बाप विचारलेत, ते सांगितले. आईचं कुणी विचारलं होतं?"

"म्हणजे हे तुझ्याकडून आलं."

"हो. माझ्याकडून," ती म्हणाली. ज्या वाक्याला ती इतकी वर्षं घाबरत होती ते बोलून झालं होतं, आणि चूल तशीच पेटलेली होती. "हनुवटीपण माझ्याकडूनच आलीय. आणि आपा गेल्या ते कुणाकडून आलं? नुसतं माझ्या रक्ताने तो पडला नसता."

मेलिसने नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "तो मामा... तसं आपल्या तिलेकचं नाही ना होणार?"

"तो एकटा होता. मी आज कामावर जात नाही."

"गाडी बंद ठेवू का मीपण?"

"नको. संध्याकाळी लवकर या. आणि बाप मोजायला लावू नका त्याला."

त्याने मान हलवली. दारात जाऊन परत वळला, लहान खोलीत डोकावला, काहीतरी बोलायला गेला, आणि शेवटी पलंगाच्या पायथ्याशी पडलेलं पांघरूण उचलून पोराच्या पायांवर टाकलं. मग गेला.

अनारकानने बटाटे काढले, घमेल्यात ओतले, सुरी घेतली. खोलीच्या उंबऱ्याशी तिचे पाय अडले. हातात घमेलं आणि पुढ्यात ती पाठ, सगळं तेच, जणू मधली वर्षं झालीच नव्हती. पळून जावं असं तिला अगदी खरोखर वाटलं. मग तिने स्टूल ओढलं आणि बसली. पहिला बटाटा हातातून निसटला, पलंगाखाली गेला, तिने तो वाकून काढला. काय बोलायचं? फ्रिदा काय बोलायची? "काल कारखान्यात वीज गेली," ती म्हणाली. "अर्ध्या बाहीवर सुरी अडकली. आता त्या लॉटातले सगळे झगे एका हाताने लांडे व्हायचे." तिने पुढचा बटाटा घेतला. "खालच्या म्हातारीने मांजर आणलंय. ते कुत्र्यालाच मारतं." नख शिंगावर चढत होतं, फाट्याशी थांबत होतं. तिने बोलणं सोडून दिलं आणि सोलत राहिली. सालींचा ओला, मातकट वास खोलीत भरला. खिडकीतून धुरकट ऊन आलं, हरणाच्या पाठीवरून सरकलं. बटाटे संपले, तेव्हा तिने आणखी आणले. इतके बटाटे कोण खाणार होतं कोण जाणे.

"जाड सोलतेस."

तिने वर पाहिलं नाही. वर पाहिलं तर आवाज पळून जाईल, असं तिला वाटलं.

"अर्धा बटाटा सालीतच चाललाय, वहिनी. आपाने हाड मोडलं असतं तुझं."

"मोडलं असतं," ती म्हणाली. "सवयच तशी लागली, लहानपणी. माझी आई अशीच पडून असायची रे, तुझ्यासारखी, गालिच्याकडे तोंड करून. तिच्यापाशी बसून मी सोलायची. रागाने. तुझे सात बाप तू पाठ केलेस, पण तू काही सात पुरुषांमधूनच आलेला नाहीस. बुरुल नाव होतं तिचं. तूही नखाने तिच्यासारखाच..." तिने हातातला बटाटा घमेल्यात टाकला. "नासका नाहीस तू. आजार आहे तो. आमच्या रक्तात आहे आणि आपा गेल्या तेव्हा तो जागा झाला. हे मी तुला आल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

तिलेकचं नख फाट्याशी थांबलं. मग म्हणाला, "तुझ्या आईचं मला माहीत नव्हतं. तुझं माहीत होतं."

"माझं काय?"

"तू पडली होतीस ते. मी झालो तेव्हा. आपा सांगायची." तो भिंतीशीच बोलत होता, एकेक शब्द शोधत. "ती इथे आली तर मी रडून रडून निळा पडलेला आणि तू भिंतीकडे तोंड करून. हरणाची शिंगं मोजत. खात नव्हतीस, बोलत नव्हतीस. आपा म्हणायची, काही घोड्यांची कातडी पातळ असते. तेच खोगीर दुसऱ्याला काही करत नाही, याची पाठ सोलून काढतं. अशा वेळी घोड्याला मारायचं नाही, ओझं उतरवून घ्यायचं. म्हणून तिने मला उचललं. लोकांना सांगितलं, रीत आहे. खरं सांगितलं असतं तर सुनेला वेडी म्हणाले असते."

अनारकानच्या हातातली सुरी तशीच राहिली. काचेवरचा बर्फ एका जागी वितळला आणि पलीकडचं दिसलं: हेच हरीण, हीच भिंत, आणि पाठीमागे कुणीतरी पोराला जोजवत फेऱ्या घालतंय, जड पावलांनी. ताप नव्हता तो. तिला चुकवून गेलं नव्हतं. ते येऊन गेलं होतं, आणि एका तुसड्या म्हातारीने सगळा दोष आपल्या अंगावर घेऊन ते झाकलं होतं, आयुष्यभर सुनेचा राग सोसून, चुलीपाशी न हसता.

"ती म्हणायची," तिलेक म्हणाला, "तुला कधी तसं झालं तर दादाकडे जाऊ नकोस, तो घाबरतो. वहिनीकडे जा. ती त्या वाटेने जाऊन परत आलेली आहे. म्हणून तर आलो मी इथे. तंत्रशाळा कुणाला हवी होती? रोज वाटायचं, आज विचारीन. तू दारात यायचीस आणि निघून जायचीस." तो आता वळला. चेहरा सुजलेला, उशीच्या सुरकुत्या गालावर उमटलेल्या, हनुवटी बुरुलची. "तू कशी उठलीस, वहिनी?"

तिने आठवून पाहिलं. फसवायचं नव्हतं. कुठला दिवस, कुठली सकाळ, काही सापडेना. मग ते सापडलं, आणि तिला एकदम इतकं रडू आलं की घमेलं मांडीवरून कलंडलं.

"आपा लोणी पाठवायच्या," ती म्हणाली. "बसवाला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नाही. मला जावंच लागायचं. उठून, बूट घालून."

"बस, एवढंच?"

"एवढंच. दर आठवड्याला. मी शिव्या घालत जायची."

तिलेकच्या ओठाचा कोपरा हलला, मग त्याचाही बांध फुटला, आपा गेल्यापासून पहिल्यांदा, लहान मुलासारखा मोठ्याने. ती स्टुलावरून उठून पलंगावर बसली आणि त्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं. जे डोकं नमद्यात गुंडाळून नेलं होतं, ते आता दोन्ही हातांत मावत नव्हतं. तो थांबेपर्यंत ती थांबली. उद्या दवाखान्यात जायचं होतं. घरात कुणाला होतं का, असं डॉक्टरीण पुन्हा विचारील, आणि मग सांगायचं होतं, माझ्या आईला, माझ्या मामाला आणि मला. आज उद्याचं काही बोलायचं नव्हतं. तिलेक कोपरावर रेलून बसला, नाक पुसलं, आणि त्याने हात पुढे केला.

"आण ती सुरी इकडे," तो म्हणाला.

तिने सुरी दिली. त्याने घमेल्यातला एक बटाटा घेतला आणि आपाने शिकवलं होतं तशी, पातळ, न तुटणारी साल काढू लागला.